दुकान, रिवाज आणि लेकीचा हिस्सा

वडील गेले की दुकानाची पाटी तीच राहते, गल्ल्यावरचा माणूस बदलतो. चाळिसावा झाला की भाऊ एकत्र बसतात, दुकान वाटून घेतात किंवा भागीदारीत चालवायचे ठरवतात आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: "आपल्यात मुलींना दुकानात हिस्सा देण्याचा रिवाज नाही." हा रिवाज आला कोठून आणि शरीअतमध्ये रिवाजाला जागा किती, हे व्यापारी बंधूंपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

इस्लामी कायदा रिवाजाला झिडकारतो असे मुळीच नाही. फिकहमध्ये त्याला उर्फ म्हणतात आणि व्यापारात तर उर्फला मोठा मान आहे. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी कायद्यात रिवाज हा निवाडा करणारा आहे, असे कलम ३६ मध्ये म्हटले आहे. व्यापाऱ्यांमध्ये जे रूढ आहे ते जणू त्यांनी आपसात अट म्हणून ठरवले आहे, असे कलम ४४ सांगते. म्हणजे हमाली कोणी द्यायची, माल कोठे पोहोचवायचा, उधारीची मुदत किती, हे सौद्यात बोलले गेले नसेल तर बाजाराचा रिवाज पाहावा. पण त्याला मर्यादा एकच आहे. जेथे कुरआन किंवा हदीसचा स्पष्ट हुकूम आहे तेथे रिवाज चालत नाही. वारशाचे हिस्से तर सूरह निसामध्ये अपूर्णांकांसह ठरवून दिलेले आहेत. तेथे पंचांना आणि बाजाराला बोलायला जागाच नाही.

तरीही शंभर वर्षे रिवाज जिंकत राहिला, आणि तोही आपल्या मुंबईत. खोजा आणि कच्छी मेमन या व्यापारी जमातींनी इस्लाम स्वीकारला तरी वारशाची जुनी एकत्र कुटुंबाची पद्धत सोडली नव्हती. तीत मुलींना लग्न होईपर्यंत पोटगी आणि लग्नाचा खर्च एवढेच मिळे. १८४७ मध्ये या दोन्ही जमातींतील मुली कुरआनने दिलेला हिस्सा मागत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज सिद्ध झाला असे मानून निकाल मुलींच्या विरुद्ध दिला. जमातीचे पुढारी म्हणजेच पेढीचे मालक. मुलीबरोबर भांडवल जावयाच्या घरी जाऊ नये, हा त्यांचा हिशेब होता. धर्माचे नाव त्या हिशेबावर नंतर चढले, असे आम्हास वाटते.

पुढे जमातींच्या आतूनच मागणी उठली. १९२० च्या कच्छी मेमन कायद्याने ज्याला हवे त्याने लेखी जाहीर करून शरीअत लागू करून घ्यावी अशी सोय केली, आणि १९३८ च्या कायद्याने सर्वच कच्छी मेमनांना वारशात मुस्लिम कायदा लागू झाला. त्याआधी १९३७ चा शरीअत कायदा आला. त्या विधेयकामागे उलेमांबरोबर मुस्लिम महिलांच्या संघटनाही होत्या, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही. मात्र त्यातून शेतजमीन वगळली गेली. घटनात्मक कारण असे दिले गेले की तो प्रांतांचा विषय आहे; जमीनदारांना ते सोयीचेच होते. दत्तक आणि मृत्युपत्र हे विषयही ऐच्छिक ठेवले गेले.

म्हणजे दुकान, गाळा, माल, उधारी आणि बँकेतील रक्कम यांच्या वारशाबाबत "आमच्यात रिवाज नाही" हे उत्तर १९३७ पासून आपल्याकडे कोर्टातही चालत नाही. (गोव्यात हा कायदा लागू नाही, तेथील वारसा कायद्यात मुलगा-मुलगी समान आहेत.) १९८५ साली शाहबानो निकालानंतर शरीअतच्या रक्षणासाठी मोर्चे निघाले. त्यांत चाललेल्या किती जणांनी बहिणीचा हिस्सा दिला होता, हे ज्याचे त्याने तपासावे.

आता हिशेब पाहू. मरहूमच्या तरक्यातून प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. पत्नीचा न दिलेला महेरही कर्जच आहे. त्यानंतर वसिय्यत, तीही एक तृतीयांशापर्यंत, आणि उरलेले वारसांचे. समजा उरलेली मालमत्ता ४० लाखांची आहे आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ५ लाख. राहिलेल्या ३५ लाखांचे पाच भाग: प्रत्येक मुलास १४ लाख, मुलीस ७ लाख.

"तिच्या लग्नात एवढा जहेज दिला" हा युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. बापाने हयातीत दिलेली भेट वारशातून वजा होत नाही. बाप जिवंत असताना मुलीने लिहून दिलेले हक्कसोडपत्रही मुस्लिम कायद्यात निरर्थक आहे, कारण तेव्हा हक्कच जन्मलेला नसतो. मात्र मोबदला घेऊन लिहून दिले असेल तर पुढे तिला मागणी करता येईलच असे नाही. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशा प्रकरणात मागणी नाकारली आहे.

खरी अडचण वेगळीच असते. दुकान एक, हिस्सेदार चार; विकले तर धंदा बुडतो. फिकहमध्ये यावर तखारुजची वाट आहे. वडिलांच्या निधनानंतर, मालमत्तेची खरी किंमत समोर ठेवून, एखादा वारस राजीखुशीने ठरावीक रक्कम घेऊन बाहेर पडतो. किंमत लावताना माल, वसूल होणारी उधारी आणि पागडीची किंमत धरावी. बहिणीला जुन्या खरेदीचा भाव दाखवणे हा सौदा नव्हे, फसवणूक आहे. एकरकमी देणे जमत नसेल तर हप्ते लिहून द्यावेत, किंवा तिला भागीदार करून नफ्यातील वाटा द्यावा.

वडील भागीदारीत असतील तर १९३२ चा भागीदारी कायदाही पाहावा. वेगळा करार नसेल तर कलम ४२ प्रमाणे भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. हिशेब न चुकवता इतरांनी धंदा चालू ठेवला तर कलम ३७ प्रमाणे मृताच्या वारसांना त्याच्या हिश्शावरचा नफा किंवा सहा टक्के व्याज यांपैकी एक मागता येते. मुसलमान वारसांनी यातला नफाच मागावा, हे सांगणे नको. भागीदारीचे कागद करतानाच मृत्यूनंतर हिश्शाची किंमत कशी लावायची आणि किती महिन्यांत द्यायची, हे कलम वकिलाकडून घालून घ्यावे. घरात मुली असतील तर आजच.