कॅटमध्ये ७५-८० पर्सेंटाइल पडले? मग एमबीएचे फॉर्म कुठे भरायचे, ते असं ठरवा

कॅटचा निकाल लागला की सोशल मीडियावर ९९ पर्सेंटाइलवाल्यांचे स्क्रीनशॉट आणि क्लासवाल्यांचे टॉपर्सचे बॅनर फिरायला लागतात. ज्यांना ७०, ७५ किंवा ८० पडले ते गप्प असतात. पण त्यांचे फोन मात्र वाजायला लागतात. 'तुमच्या स्कोअरवर आमच्याकडे सीट आहे, आज बुक केली तर स्कॉलरशिप मिळेल.'

आता विषय असा आहे की, कमी स्कोअरवर कॉलेज मिळणं अवघड नाही. पैसे भरायची तयारी असेल तर कुठे ना कुठे सीट मिळतेच. अवघड आहे ते भरलेले पैसे वसूल होतील असं कॉलेज शोधणं. घरच्यांनी साठवलेले किंवा बँकेकडून घेतलेले दहा-बारा लाख पणाला लागणार असतील, तर हे शोधकाम आपणच करायला हवं.

८० पर्सेंटाइल म्हणजे नक्की किती?

८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के मार्क नाहीत. परीक्षा दिलेल्या दर शंभरातले साधारण ८० जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ च्या कॅटला सुमारे २.९३ लाख मुलं बसली होती. म्हणजे ८० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे जवळपास ५८ हजार जण होते.

इथेच अनेकांची फसगत होते. बऱ्याच संस्थांच्या वेबसाइटवर 'किमान पात्रता' म्हणून एक आकडा दिलेला असतो. तो फक्त तुमचा अर्ज विचारात घ्यायचा की नाही यासाठी असतो. मुलाखतीचा कॉल येतो तो त्याच्या बराच वर. म्हणून फॉर्म भरण्याआधी मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गातून प्रत्यक्ष किती पर्सेंटाइलला कॉल आले, ते बघा. एकेका फॉर्मला हजार-दोन हजार रुपये जातात. आठ-दहा फॉर्म नुसत्या आशेवर भरले तर तेवढेच पैसे पाण्यात.

कॅट गेली, सीईटी बाकी आहे

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. राज्याच्या सीईटी सेलची एमबीए सीईटी ही कॅटपेक्षा वेगळ्या स्वभावाची परीक्षा आहे. कॅटमध्ये १२० मिनिटांत साधारण ६५-७० अवघड प्रश्न असतात आणि पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर मार्क कापले जातात. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. इथे खेळ वेगाचा आहे आणि वेग सरावाने वाढतो.

मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा अशा नावाजलेल्या संस्थांचे प्रवेश याच सीईटीवर होतात. त्यांचे कटऑफ खूप वर जातात हे खरं. पण त्यांच्या खालीही कमी फीची बरीच कॉलेजं आहेत. कॅप राउंडचे कॉलेजनिहाय आणि प्रवर्गनिहाय कटऑफ सीईटी सेल जाहीर करतं. मागच्या दोन वर्षांच्या याद्या डाउनलोड केल्या तर आपण कुठे उभे आहोत ते एका संध्याकाळीत कळतं.

कॅपमधून प्रवेश घेण्याचा दुसरा फायदा पैशांचा. इथल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. शिवाय कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की या सवलती मिळत नाहीत.

एमबीए की पीजीडीएम?

एमबीए किंवा एमएमएस ही विद्यापीठाची पदवी असते. पीजीडीएम हा एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम. तो कमी दर्जाचा असतो असं नाही. मुंबईची एसपीजेआयएमआर आणि जमशेदपूरची एक्सएलआरआय या संस्था पीजीडीएमसाठीच ओळखल्या जातात. पण पीजीडीएमची फी संस्था स्वतः ठरवते, त्यामुळे ती एमबीएच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर त्या पीजीडीएमला एआयसीटीईची मान्यता आणि एमबीएशी समकक्षता आहे का, हे आधी तपासा.

'हायेस्ट पॅकेज' विसरा, मीडियन बघा

समजा वर्गात दहा जण आहेत. एकाला ४० लाखांचं पॅकेज मिळालं आणि उरलेल्या नऊ जणांना प्रत्येकी ५ लाखांचं. जाहिरातीत येईल, 'हायेस्ट ४० लाख, ॲव्हरेज ८.५ लाख'. पण वर्गातल्या मधल्या मुलाला मिळाले ५ लाख. हा मधला आकडा म्हणजे मीडियन, आणि तुमच्या कामाचा आकडा तोच.

तो कुठे मिळतो? शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन पगार किती, ही माहिती द्यावी लागते. ती संस्थेच्या वेबसाइटवर 'एनआयआरएफ' या नावाखाली सापडते. फोन करणाऱ्या काउन्सेलरला हाच आकडा विचारा आणि ईमेलवर पाठवायला सांगा.

'१०० टक्के प्लेसमेंट' हा शब्दही तपासून घ्या. अनेकदा हे शंभर टक्के पूर्ण बॅचचे नसतात, प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्या मुलांचे असतात.

आणि लिंक्डइन तर आपल्या हातातच आहे. त्या कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, तुमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेली मुलं शोधा. तुम्ही अनुभव नसलेले बीकॉम असाल तर तसेच दहा जण. ते आज कुठे, कोणत्या पदावर आहेत ते बघा. दोघा-तिघांना मेसेज करा. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

आता हप्त्याचं गणित

१० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १७,१०० रुपये. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं व्याज यात धरलेलं नाही. आता मीडियन पगार वर्षाला ५ लाख असेल तर हातात महिन्याला ४० हजारांच्या आतच येतात. पुण्या-मुंबईत भाडं आणि जेवण काढून त्यातून हा हप्ता जाणार आहे.

म्हणून एक साधा हिशेब ठेवा. दोन वर्षांचा एकूण खर्च, म्हणजे फी, हॉस्टेल, लॅपटॉप आणि सक्तीची फॉरेन टूर असेल तर तीही, एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला मीडियन पगार लिहा. खर्च पगाराच्या दुपटीच्या पुढे जात असेल तर त्या कॉलेजवर फुली मारा.

फॉर्म किती आणि कोणते?

पाच-सहा पुरेत. एक-दोन अशा ठिकाणी, जिथे मागच्या वर्षीचा कटऑफ तुमच्या थोडा वर होता. दोन-तीन, जिथे तुमचा स्कोअर बरोबर बसतो. एखादं, जिथे नंबर नक्की लागेल आणि जिथे तुम्ही खरोखर जाल. 'असू दे एक' म्हणून भरलेला फॉर्म बहुतेक वेळा वायाच जातो.

सीट आधी बुक करून नंतर विचार बदलला तर? एआयसीटीईच्या नियमानुसार ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. पैसे भरण्याआधी ती मुदत विचारून घ्या आणि पावती जपून ठेवा.

यादीतल्या सगळ्यांवर फुली बसली तर?

तर या वर्षी प्रवेश न घेणं हाही एक निर्णय आहे. कॅटचा स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशांना चालतो, त्यामुळे परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. पण मधल्या वर्षभरात नोकरी केली तर अनेक संस्था निवडीत त्या अनुभवाला वेगळे गुण देतात, आणि कर्जही तेवढं कमी काढावं लागतं. घरी हे पटवणं सोपं नाही. तेव्हा खर्च आणि मीडियन पगाराचा तो कागद आई-बाबांसमोर ठेवा आणि हिशेब त्यांच्यासोबत बसून करा.