साधे की प्रीमियम? पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब

सिडकोतून वाळूजला रोज दुचाकीवरून ये-जा करणाऱ्या कामगाराच्या घरखर्चाच्या वहीत किराणा आणि मुलांची फी यांच्या खालोखाल पेट्रोलचा आकडा असतो. जाऊन-येऊन ३५ किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ९१० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देत असेल, तर सव्वाअठरा लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा भाव १०५ रुपये धरू. महिन्याचे १,९०० रुपये झाले. ही रक्कम कमी कशी करावी, याचे सल्ले मात्र फुकट आणि भरपूर मिळतात. पहाटे पेट्रोल भरा, शंभरऐवजी एकशेदहाचे भरा, अमुक चौकातल्या पंपावर स्वस्त मिळते, प्रीमियम टाकून पाहा. यातील कोणत्या सल्ल्याने खिशात खरोखर चार पैसे उरतात, हे एकदा आकडेमोड करून पाहण्यासारखे आहे.

प्रथम पंपाची निवड. आपल्या शहराचे पेट्रोलपंपांशी नाते जुने आहे. महावीर चौकाला आजही रिक्षावाल्यापासून पाहुण्यापर्यंत सारे 'बाबा पेट्रोलपंप' असेच म्हणतात. पण एकाच शहरातील दोन पंपांच्या भावात सहसा काही पैशांचाच फरक असतो. कंपनी कोणती आणि तिच्या डेपोपासून पंपापर्यंतचे भाडे किती, यावर तो ठरतो. समजा, चार किलोमीटर लांबच्या पंपावर लिटरमागे २० पैसे कमी आहेत. पाच लिटर भरले तर एक रुपया वाचेल. तेथे जाऊन येण्यात मात्र वरच्याच हिशेबाने १६ ते १७ रुपयांचे पेट्रोल जळेल. तेव्हा वाटेवरचा पंप हाच स्वस्त पंप.

शहराशहरांतील फरक मात्र जाणवण्याइतका असतो. मराठवाड्याला पेट्रोल-डिझेल प्रामुख्याने मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातील डेपोंतून येते. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांतून नळवाहिनीने तेथपर्यंत आलेले इंधन पुढे टँकरमध्ये भरले जाते. छत्रपती संभाजीनगरला त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटरचे भाडे पडते, तर परभणीला तीनशेहून अधिक किलोमीटरचे. राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचे नाव वारंवार येते, त्याचे मुख्य कारण हेच. कराचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आहे. १ जुलै २०२४ पासून तर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पेट्रोलवरील वेगळा दरही गेला आणि राज्यभर २५ टक्के मूल्यवर्धित कर व लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अशी एकच आकारणी झाली. मनमाडची ही नाळ किती नाजूक आहे, हे जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत साऱ्यांनी पाहिले. टँकरचालकांनी काम थांबवले आणि गावोगावच्या पंपांसमोर रांगा लागल्या.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

आता मूळ प्रश्न: पेट्रोल कोणते घ्यावे? पंपावरील मुलगा 'साधे की प्रीमियम?' असे विचारतो, तेव्हा अनेकांच्या मनात साधे म्हणजे हलके आणि प्रीमियम म्हणजे कसदार अशी प्रतवारी उभी राहते. कोलम आणि बासमतीसारखा हा प्रकार नाही. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे, हे सांगतच नाही. सिलिंडरमध्ये दाबले गेल्यावर ठिणगी पडण्याआधी आपोआप पेट न घेण्याची इंधनाची क्षमता तो दाखवतो. अवेळी पेट घेतला की इंजिनातून ठोके पडल्यासारखा आवाज येतो. त्याला 'नॉकिंग' म्हणतात. ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, म्हणजे टर्बो गाड्या किंवा वेगासाठी बांधलेल्या महागड्या मोटारसायकली, त्यांना जास्त ऑक्टेनची गरज असते. रोजच्या वापराच्या शंभर-सव्वाशे सीसी दुचाकीला आणि लहान मोटारीला ती नसते. ज्या इंजिनाला ऑक्टेनची गरज नाही, त्याला अधिक ऑक्टेनचे पेट्रोल पाजून अ‍ॅव्हरेज वाढत नाही.

प्रीमियम पेट्रोलचे उत्पादन शुल्कही किंचित अधिक असते. त्याचा भाव लिटरमागे आठ रुपयांनी जास्त आहे असे धरले, तर १०५ रुपयांवर ही वाढ साडेसात टक्क्यांहून अधिक झाली. ती भरून निघायला ५० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज जवळजवळ ५४ वर जायला हवे. वाळूजच्या आपल्या कामगाराला महिन्याला सुमारे १४५ रुपये जास्त मोजावे लागतील. प्रीमियममध्ये इंजिनाच्या आतील काजळी धुणारी रसायने घातलेली असतात, हे खरे आहे. त्यांचा उपयोग नाही असे नाही. पण वेळेवर सर्व्हिसिंग झालेल्या गाडीत हा फरक एवढ्या किमतीचा ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अंतिम शब्द गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा. तिच्यात ९१ ऑक्टेन पुरेसे लिहिले असेल, तर विषय संपला. ९५ किंवा त्याहून अधिक लिहिले असेल, तर पुस्तिकेचे ऐकावे. तेथे काटकसर करून इंजिनाचा खर्च ओढवून घेऊ नये.

या विषयाला अलीकडे आणखी एक वळण मिळाले आहे. पंपावर आता 'साधे' म्हणून जे मिळते, त्यात २० टक्के इथेनॉल असते. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या म्हणजे 'ई-२०' पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन ९५ धरला जातो. म्हणजे एकेकाळी ज्यासाठी जादा पैसे मोजावे लागत, तो आकडा साध्या पेट्रोलनेच गाठला आहे. निव्वळ ऑक्टेनसाठी '९५'ची पाटी पाहून अधिक पैसे देण्याचे कारण त्यामुळे आणखी कमी झाले.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती थेट अ‍ॅव्हरेजची आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच याचा अंदाज दिला होता. बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी, तशाच दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. १० टक्क्यांसाठी बांधून २० टक्क्यांना जुळवलेल्या मोटारींत ही घट १ ते २ टक्के राहील. चार टक्के धरले तर आपल्या कामगाराचे ५० चे अ‍ॅव्हरेज ४८ वर येते आणि महिन्याला ८० रुपयांचे पेट्रोल वाढते. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला टिकणारे असावेत, असे त्याच आराखड्यात ठरले होते. त्याआधीच्या गाड्यांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. बिनमिश्रणाच्या पेट्रोलचा पर्याय पंपावर असावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इथेनॉलमागील अर्थकारण आपल्या भागाला परके नाही. उसाबरोबरच मक्याचे इथेनॉल वाढत आहे, आणि मका हे सिल्लोड-कन्नडच्या शिवारातील खरिपाचे प्रमुख पीक आहे. शेतकऱ्याच्या मालाला नवे गिऱ्हाईक मिळत असेल तर ते हवेच. परंतु कमी ऊर्जेचे इंधन त्याच भावात विकले जात असेल, तर तो फरक गाडी चालवणाऱ्याच्या खिशातून जातो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे होते. ते फारसे सांगितले गेले नाही.

जुनी गाडी असणाऱ्यांनी पावसाळ्यात एक काळजी घ्यावी. इथेनॉल पाणी शोषते. पूर्वी टाकीत थेंबभर पाणी गेले तर ते तळाशी वेगळे राही. आता पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाला बसते, आणि इंजिनात नेमका तोच थर आधी जातो. टाकीचे झाकण सैल असेल तर बदलून घ्यावे आणि आठवड्यांनी एकदा निघणाऱ्या स्कूटरमध्ये महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नये.

मापात आणि भेसळीत

पेट्रोल कोणतेही घेतले, तरी पैसे मोजले तेवढे पदरात पडले पाहिजे. यंत्रात चिप बसवून माप मारण्याचा प्रकार २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात उघडकीस आला. पुढे ठाणे पोलिसांनी आपल्याच राज्यातील अनेक जिल्ह्यांत पंपांवर छापे घातले. ग्राहकाच्या हाती असलेला उपाय सोपा आहे. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाच्या शिक्क्याचे पाच लिटरचे माप असावे लागते, आणि शंका आल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवण्याची मागणी कोणीही करू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापुढील तूट बसत नाही. एकशेदहा किंवा दोनशेदहाचे भरल्याने माप बदलते, या समजुतीला मात्र आधार नाही. रक्कम सम असो वा विषम, यंत्र लिटरच मोजते. त्यापेक्षा नळी टाकीत जाण्याआधी आकडा शून्यावर आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. पहाटेच्या पेट्रोलचेही तसेच. उष्णतेने पेट्रोल प्रसरण पावते हे शास्त्र खरे; पण ते अंशामागे हजारात एक भाग एवढेच, आणि जमिनीखालच्या टाकीचे तापमान मे महिन्यातही दिवसरात्रीत फारसे हलत नाही.

भेसळीचा इतिहास मात्र भयंकर आहे, आणि तो आपल्या पुरवठ्याच्या वाटेवरच घडला आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधन भेसळ करणाऱ्यांनी भरदिवसा जिवंत जाळले. रेशनच्या रॉकेलचा आणि पेट्रोल-डिझेलचा भाव यांतील दरीवर हा धंदा पोसला गेला होता. रॉकेलवरील अनुदान संपल्याने ती दरी बुजली, तरी तपासणीचा हक्क विसरू नये. फिल्टर पेपर मागावा आणि त्यावर नळीच्या तोंडाचा एक थेंब सोडावा. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जाते. पंपावर लिहिलेली घनता ग्राहकासमोर मोजून दाखवणेही पंपचालकाला बंधनकारक आहे. पेट्रोल न भरताही हवा मोफत मिळते, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

हवेचा विषय निघालाच आहे. टायरमधील दाब एका पीएसआयने घटला की मोटारीचे अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. दहा पीएसआयचा फरक असेल तर दोन टक्के. ही गळती छोटी; खरी मोठी गळती उजव्या मनगटातून आणि उजव्या पायातून होते. झटक्याने वेग घेणे आणि करकचून ब्रेक लावणे यामुळे शहरातील रहदारीत अ‍ॅव्हरेज १० ते ४० टक्क्यांनी घसरू शकते, असे त्याच विभागाने म्हटले आहे. जालना रोडवर क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर झेपावणारे दुचाकीस्वार आपण रोज पाहतो. पुढच्या लाल दिव्यापाशी सगळे पुन्हा एकाच रांगेत येतात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था म्हणजे 'पीसीआरए' ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग सर्वांत काटकसरीचा सांगते. सिग्नल अर्ध्या मिनिटाहून लांब असेल तर इंजिन बंद करावे. मोटार उभ्या जागी एसीसह सुरू ठेवली, तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल कुठेही न जाता संपते.

आपल्या कामगाराने सावकाश चालवून आणि साखळी, एअर फिल्टर व हवा नीट ठेवून अ‍ॅव्हरेज दहा टक्क्यांनी सुधारले, तर महिन्याला सुमारे १७० रुपये वाचतात. ई-२० मुळे वाढलेला खर्च त्यातून भरून निघतो आणि वर काही उरते. प्रीमियमचे १४५ रुपये तर मुळातच वाचलेले असतात.

सुधारणा झाली की नाही, हे गाडीच्या काट्यावर किंवा मित्राच्या शब्दावर ठरवू नये. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. मधले किलोमीटर दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागले की खरे अ‍ॅव्हरेज मिळते. एका टाकीचा आकडा फसवा असू शकतो. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. नोंदीसाठी पंपावरची पावतीच पुरे, फक्त तिची शाई उन्हात उडते, म्हणून आकडे त्याच दिवशी वहीत उतरवावेत.