पावसाआधीची काजू बी

“गरिबाला मदत द्यावी, कर्ज कशाला?” असा प्रश्न मंडळीतील पुष्कळांच्या मनात येतो. प्रश्न रास्त आहे. कर्जाने बुडालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण मालवण तालुक्यातील लहान काजूवाल्याचा मे महिना समजून घेतला, तर उत्तर बरेचसे सापडते.

काजू बी साधारण फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत पडते. त्याच दिवसांत घराची डागडुजी, भाताचे बियाणे आणि मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी रोख पैसा लागतो, आणि पाऊस तर दारातच उभा असतो. बीला ओल लागली की ती खराब होते. म्हणून ज्याच्या घरात दोन-चार पोतीच आहेत, तो ती मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. भाव कमी आहे हे त्यालाही कळते. थांबायची ऐपत नसते.

थांबण्यासाठी एक सोय आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे आणि तीत काजू बीही घेतात. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी, वर्षाला 6 टक्के व्याजाने घ्यायची. समजा माल 10,000 रुपयांचा आहे. हाती 7,500 येतात आणि सहा महिन्यांचे व्याज होते 225 रुपये. हीच रक्कम कोणी महिना शेकडा पाचने दिली, तर व्याज 2,250 होईल. पुढे भाव चढेलच असे नाही, कारण आफ्रिकेतून येणारी कच्ची बी तो खाली ओढते. तरी 225 रुपयांत वाट पाहणे परवडते.

अडचण अशी की या योजनेला सातबारा लागतो. आपल्या जिल्ह्यात वानरमारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे तो कुठून येणार? खैराचा कात काढण्याचा धंदा गेला, नाव तेवढे राहिले. आता दुसऱ्याच्या बागेत मजुरी करायची किंवा ठेकेदाराची उचल घेऊन ती कामाने फेडत राहायचे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जमिनीचा दावा करता येतो, पण त्याआधी दाखले हवेत.

अशा घरांसाठी बचत गट हीच पहिली पायरी. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. नियमित बैठक, बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, एवढे सहा महिने पाळले की बँक गटाला विनातारण कर्ज देऊ शकते. मुळात ही कल्पना आपल्याला परकी नाही. जर्मनीत रायफायझन नावाच्या ख्रिस्ती ग्रामप्रमुखाने आधी श्रीमंतांच्या दानावर संस्था चालवून पाहिल्या. दान आटते हे ध्यानात आल्यावर 1864 मध्ये त्याने शेतकऱ्यांनीच एकमेकांना जामीन राहायची पतसंस्था काढली. भारतातला 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच वाटेने आला.

गटाने बी फोडून गर विकावा, असे सर्रास सुचवले जाते. 100 किलो बीतून साधारण 25 ते 30 किलो गर निघतो. पण वाफवणे, फोडणे, वाळवणे, साल काढणे, प्रतवारी करणे हे सगळे आले, शिवाय चिकाने हात भाजतात. माझ्या मते नव्या गटाने आधी ओले काजूगर किंवा आमसुले करावीत. त्यांना यंत्र लागत नाही.

धोकाही सांगायला हवा. 2010 मध्ये आंध्रात खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीने हाहाकार उडाला होता. आता रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे घराचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. अनुवादाच्या 24 व्या अध्यायात जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, ती याच जातीची.

मग आपल्या देणगीचे काम काय? जिथे हप्ता बसत नाही तिथे ती जावी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ही कलमे चांगली आहेत, पण लावल्यावर तीन-चार वर्षे हाती काही येत नाही. त्यांच्यासाठी मासिक हप्त्याचे कर्ज काढणे म्हणजे मजुरीतून झाड पोसणे. कलमे, ताडपत्री, वजनकाटा आणि दाखल्यांसाठी तालुक्याला माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांचे भाडे, हे खर्च देणगीतून व्हावेत.