फुफ्फुस दुखत नाही, तिथेच घोटाळा होतो

ऐकता ऐकता एक लांब श्वास घ्या. ही हवा श्वासनलिकेतून दोन फाट्यांत, मग त्यांच्या उपफाट्यांत, अशी सुमारे २३ वेळा विभागत वायुकोशांत पोचते. हे चिमुकले फुगे तीस ते पन्नास कोटी असतात. पसरून ठेवले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे एखादा टू-बीएचके फ्लॅट! त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

नळ्यांना आतून अतिसूक्ष्म केसांचं अस्तर असतं. कफात अडकलेली धूळ ते वर घशाकडे ढकलतात. विडी-सिगारेटचा धूर आधी या झाडूवाल्यांनाच गारद करतो. मग धुरातली रसायनं पेशींच्या डीएनएला चिकटतात. पेशी दुरुस्ती करते, पण रोजच मारा झाला तर चुका राहून जातात. वाढीला ब्रेक लावणारे जनुक बिघडले की पेशी बेलगाम वाढते. याला बहुधा वीस-तीस वर्षं लागतात.

'मी तर कधी ओढलीच नाही,' असं म्हणून निर्धास्त राहू नका. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आणि शहरातली दूषित हवा यांनीही हा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं.

आता मुख्य गोष्ट. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. कळते ती बाहेरच्या आवरणाला. म्हणून आत लिंबाएवढी गाठ झाली तरी माणूस कामाला जातो. खोकला येतो, वजन उतरतं, कधी थुंकीत रक्त दिसतं. आणि आपल्या देशात ही लक्षणं दिसली की पहिला संशय टीबीचा! तो चूक नाही, टीबी आहेच तेवढा. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना, नुसत्या एक्स-रेवरच्या डागावरून गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात.

तेव्हा तीन आठवड्यांवर खोकला, बसलेला आवाज किंवा औषध घेऊनही न हटणारा डाग असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'सीटी स्कॅन करायचा का? तुकडा तपासायचा का?' तुकड्यात कॅन्सर निघालाच, तर ईजीएफआर या जनुकाच्या तपासणीबद्दलही विचारा. त्यात ठरावीक बदल सापडला, तर काही रुग्णांना सलाइनमधून केमो देण्याऐवजी रोजच्या गोळीवर ठेवता येतं.