विज्ञानकथा आणि कान

विज्ञानकथेच्या वाचकाला कथेबरोबरच एक अनोळखी जग शिकून घ्यावे लागते. त्या जगातील ग्रह, यंत्रे, राजघराणी आणि नियम अंगवळणी पडेपर्यंत तो चार पाने मागे जातो, एखादे नाव पुन्हा पाहून घेतो, पुस्तकाच्या शेवटी दिलेला शब्दकोश चाळतो. ऑडिओबुकमध्ये, म्हणजे अभिवाचकाने पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या आवृत्तीत, ही सोय नावापुरतीच उरते, कारण आवाज पुढे सरकत राहतो आणि ऐकणाऱ्याचे हात बहुधा स्वयंपाकात किंवा गाडी चालवण्यात गुंतलेले असतात. पानाने करायची बरीच कामे त्यामुळे अभिवाचकाच्या गळ्यात पडतात, आणि ती तो कशी निभावतो यावरच चोखंदळ श्रोत्याचे मत बव्हंशी ठरते.

या दृष्टीने अँडी वीअर यांच्या ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ या २०२१ च्या कादंबरीचे रे पोर्टर यांनी केलेले, सुमारे सोळा तासांचे अभिवाचन सविस्तर पाहण्याजोगे आहे. कादंबरीचा नायक रायलंड ग्रेस हा शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक असून, पृथ्वीपासून सुमारे बारा प्रकाशवर्षे दूर असलेल्या टाउ सेटी या ताऱ्याजवळ त्याची एका परग्रहवासीयाशी गाठ पडते. ग्रेस ज्याला ‘रॉकी’ म्हणतो त्या या जीवाची भाषा शब्दांची नसून एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांची आहे. छापील पुस्तकात हे बोलणे संगीतलिपीच्या चिन्हांनी दाखवले आहे, म्हणजे वाचक ती चिन्हे पाहतो, ‘येथे सूर आहेत’ एवढे समजून घेतो आणि पुढे जातो. ध्वनिमुद्रणात मात्र ते सूर खरोखरच कानावर पडतात. ग्रेस संगणकाच्या मदतीने त्यांतील वारंवारता, म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या ध्वनिकंपनांची संख्या, वेगवेगळ्या करतो आणि त्यांवरून शब्दसंग्रह जमवू लागतो, तेव्हा श्रोताही त्याच्याइतकाच अनभिज्ञ असतो आणि त्याच्याबरोबरच हळूहळू शहाणा होत जातो.

यापेक्षाही सूक्ष्म गोष्ट अशी की रॉकीच्या जातीला दृष्टी नाही. भोवतालच्या वस्तू, अंतरे आणि हालचाली या साऱ्यांचे ज्ञान तिला ध्वनीवरूनच होते, आणि प्रकाशाशी निगडित असलेल्या भौतिकशास्त्रात ती तंत्रज्ञानाच्या मानाने आश्चर्यकारक रीतीने मागे राहिली आहे. छापील पानावर ही एक चतुर कल्पना ठरते, परंतु केवळ कानांवर विसंबून कथेत वावरणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या स्थितीच्या कितीतरी जवळची वाटते. श्राव्य आवृत्ती मूळ पुस्तकाच्या पुढे जाते असे म्हणण्याचे प्रसंग विरळाच, आणि हा त्यांपैकी एक मानायला हरकत नाही. शिवाय निवेदक शिक्षक असल्याने त्याची वैज्ञानिक स्पष्टीकरणे बोलण्याच्या ओघात सहज बसतात; तीच माहिती तटस्थ तृतीयपुरुषी निवेदनात आली असती, तर ती ऐकताना लक्ष उडण्याचा संभव बराच वाढला असता.

वीअर यांच्याच ‘द मार्शियन’चे उदाहरण आणखी एका मुद्द्यावर उद्बोधक आहे. ही कादंबरी प्रथम आर. सी. ब्रे यांच्या आवाजात आली आणि काही वर्षांनी विल व्हीटन यांनी ती नव्याने वाचली. ज्यांनी ती प्रथम ब्रे यांच्याकडून ऐकली होती, त्यांतील अनेकांना नवा आवाज रुचला नाही. ही तक्रार निव्वळ सवयीची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. मंगळावर एकटा अडकलेला मार्क वॉटनी आपली दैनंदिनी लिहितो, त्यामुळे या कादंबरीतील बहुतेक भागात निवेदक आणि नायक यांत अंतरच नसते, आणि ज्याने ही दैनंदिनी वाचून दाखवली तो श्रोत्यापुरता वॉटनीच होऊन बसतो. प्रत्येक नोंदीच्या आरंभी येणारा ‘सोल’चा क्रमांक (सोल म्हणजे मंगळावरील दिवस, आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा) डोळा क्षणार्धात ओलांडतो, पण कानाला तो दर वेळी ऐकावाच लागतो आणि त्यातून बंदिवासाची एक लय तयार होते. बटाट्यांच्या पिकाचे आणि पाण्याचे हिशेबही असेच एकेक आकडा उच्चारून येतात. ते कंटाळवाणे होत नाहीत, याचे कारण प्रत्येक आकड्यावर त्याचे जगणे अवलंबून आहे. जेथे आकडे केवळ शोभेसाठी असतात, अशा अंतराळयुद्धांच्या कादंबऱ्यांत ते ऐकणे ही शिक्षाच होते.

अनेक नटांनी मिळून केलेले वाचन हे एकट्या आवाजापेक्षा श्रेष्ठ असते, हा समज फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ने पुरता खोटा ठरवला आहे. १९६५ च्या या कादंबरीच्या २००७ मधील ध्वनिमुद्रणात काही प्रकरणे सायमन व्हान्स एकटेच वाचतात, तर काहींत संवाद निरनिराळ्या नटांना वाटून दिले आहेत. परिणामी एकाच पात्राचा आवाज मधूनच बदलतो आणि श्रोता गोंधळतो. नभोनाट्य करायचे असेल तर ते पूर्णपणे करावे, आणि अभिवाचन करायचे असेल तर एका समंजस आवाजावर विश्वास ठेवावा, हे श्रोत्यांचे म्हणणे येथे रास्तच ठरते.

नभोनाट्यात विज्ञानकथेने मिळवलेले यश ध्वनिपरिणामांच्या गर्दीवर उभे नव्हते. ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सादर केलेले ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ प्रभावी ठरले, ते एच. जी. वेल्स यांची कथा रेडिओवरील बातमीपत्रांच्या रूपात सांगितल्यामुळे. (त्या रात्री अमेरिकाभर हाहाकार उडाल्याची कथा वृत्तपत्रांनी बरीच फुगवलेली होती, असे आता अभ्यासक मानतात.) डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ तर मुळात १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर जन्मली आणि पुस्तक तिच्या पुढच्या वर्षी आले, म्हणूनच तिच्या वाक्यांची कानाला भावणारी घडण आजही टिकून आहे.

याउलट काही पुस्तके ऐकण्यासाठी नाहीतच. डॅनियल कीज यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’मध्ये मतिमंद नायकाच्या बुद्धीची वाढ त्याच्या सुधारत जाणाऱ्या शुद्धलेखनातून दिसते, आणि शुद्धलेखन ऐकू येत नाही. कुशल अभिवाचक अडखळत्या उच्चारांनी ही उणीव भरून काढतो, पण तो त्याचा अभिनय असतो, नायकाच्या हातून झालेली चूक नव्हे. आल्फ्रेड बेस्टर यांनी पानावरील अक्षरांच्या मांडणीचे जे खेळ केले, त्यांच्यापुढे आवाज हतबलच आहे.

वेग वाढवून ऐकण्याची प्रथा हा श्रोत्यांतील नित्य वादाचा विषय आहे. जुनी टेप वेगाने फिरवली की आवाज चिरका होत असे. आजची प्रणाली ध्वनीचे अगदी लहान तुकडे एकमेकांवर अंशतः सरकवून जोडते, त्यामुळे स्वराची पट्टी तीच राहते. सरावलेल्या श्रोत्याला साहसकथा दीडपट वेगाने सहज झेपते, मात्र नव्या जगाची ओळख करून देणारी पहिली दोन-तीन प्रकरणे मूळ गतीनेच ऐकावीत.

मराठीत श्राव्य विज्ञानकथेला मोठी संधी आहे, आणि अडचणही आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली, तेव्हापासूनच्या मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग लघुकथेच्या आकाराचा, म्हणजे एका बैठकीत ऐकून होण्याजोगा आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही ऑडिओबुकांची सेवा भारतात आल्यावर मराठी ऑडिओबुकांना श्रोताही मिळू लागला. परंतु शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी घडवलेली कथाकथनाची परंपरा समोरच्या प्रेक्षकाच्या हशावर आणि बोलीच्या लहेजावर पोसलेली आहे, तर विज्ञानकथेच्या अभिवाचकाला युक्तिवादाच्या पायऱ्या ऐकणाऱ्याच्या मनात ठसतील इतकी उसंत द्यावी लागते. आकड्यांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ‘एकोणसत्तर’ ऐकताच ६९ की ७९ असा गोंधळ होणाऱ्या तरुण श्रोत्यासाठी संख्या मराठीत वाचावी की इंग्रजीत, आणि प्रकाशाचा वेग ‘तीन गुणिले दहाचा आठवा घात मीटर प्रतिसेकंद’ असा वाचावा की ‘सेकंदाला तीन लाख किलोमीटर’ असा, याचा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अभिवाचकावर सोडून चालणार नाही. संहिता तयार करतानाच तो लेखकाच्या संमतीने संपादकाने घ्यायला हवा.