बालवाडीचा निरोप आणि आजी-आजोबांची वाट

एप्रिल सरता सरता मावळातल्या डोंगरउतारांवरची करवंदे काळी पडू लागतात आणि त्याच सुमारास बालवाड्यांच्या भिंतींवरचे वर्षभराचे कागद उतरू लागतात. बोटांच्या ठशांची फुले, कापसाचे ससे, चिंचोक्यांची नक्षी, सारे एका पुडक्यात बांधून मुलाच्या हाती दिले जाते. ते पुडके घरापर्यंत वाहून नेणारे हात बहुधा आपले असतात. मुलगा तळेगाव-चाकणच्या कारखान्यात, सून सकाळच्या लोकलने पुण्याला. मग साडेअकराला फाटकापाशी उभे राहायचे ते आजोबांनी किंवा आजींनी.

या दिवसांत बालवाडीत काय काय चालते, ते आपण जाणताच. समूहगीत, मोठ्या गटातल्या मुलांचा छोटा समारंभ, ताईंबरोबर एक छायाचित्र, हाती प्रगतिपुस्तक. अंगणवाडीत मुलाचे वजन-उंची पुन्हा एकदा नोंदवली जाते; तो आलेख एकदा मागून घेऊन जरूर पाहावा. अलीकडे काही ठिकाणी काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून चिमुकल्यांचा ‘पदवीदान’ सोहळा करतात. भर उन्हाळ्यात पाच वर्षांच्या मुलाला तो झगा कशासाठी, हे मला अद्याप उमगलेले नाही. परंतु मुलांना टोपी आवडते, एवढे मान्य करावे लागेल.

याहून मोलाचा वाटतो तो जिल्हा परिषदेच्या शाळांतला ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा. एक साधारण एप्रिलात, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. पहिलीत जाणारे मूल एकेका टेबलापाशी थांबते, वस्तूंचे गट लावते, चित्र पाहून गोष्ट सांगते, उड्या मारते. मधल्या आठवड्यांत घरी करून घ्यायच्या कृती आईला समजावून दिल्या जातात. आई दिवसभर कामावर असेल, तर त्या आपणच हाती घ्याव्यात. चवळी आणि वाटाणे वेगळे करणे, दोरीच्या गाठी सोडवणे, सदऱ्याची बटणे लावणे: यांत मुलाची बोटे तयार होतात आणि आपलीही सैल राहतात. सकाळी बोटे आखडणाऱ्यांनी कोमट पाण्यात हात बुडवून मग बसावे.

आपल्या पिढीतल्या अनेकांना बालवाडी ठाऊकच नव्हती. पाटीपूजन झाले की थेट पहिलीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ आकाराला आली. एकात्मिक बालविकास सेवा योजनेने हे नाव १९७५ नंतर गावोगावी पोहोचवले. सांगायचे एवढेच, की पाचव्या-सहाव्या वर्षी एका वर्गाचा, एका ताईचा निरोप घेणे म्हणजे काय, याची आपल्यापाशी आठवण नाही. म्हणूनच आपण नकळत बोलून जातो, “आता मोठ्या शाळेत मार बसेल हं!” हे वाक्य तेवढे टाळावे.

मुलाला खरे ते सांगावे. ताई कुठेही जाणार नाहीत, त्या याच वर्गात असतील, तू मात्र दुसऱ्या शाळेत जाशील. ‘पंधरा जून’ ही तारीख त्याला कळत नाही. “आंबे संपले आणि पाऊस आला की नवी शाळा” हे कळते. ताईंना मिठी मारण्याचा आग्रह धरू नये; लांबून हात हलवला तरी तो निरोपच. आणि ताईंइतकाच, माझ्या मते कांकणभर अधिक, निरोप घ्यावा तो मदतनीस मावशींचा. हात धुऊन देणाऱ्या, ओली चड्डी बदलणाऱ्या, खिचडीचा घास भरवणाऱ्या त्याच असतात आणि छायाचित्रात त्याच नसतात. या आठवड्यांत मूल रात्री अंथरूण ओले करील, आपल्या कुशीत झोपायचा हट्ट धरील. हसू नये, रागावू नये. बहुधा थोड्या दिवसांत ते थांबते. न थांबल्यास डॉक्टरांशी बोलावे.

आता आपल्याविषयी. बालवाडी घरापासून दहा मिनिटांवर आहे असे धरा. सोडायला जाणे-येणे, आणायला जाणे-येणे, मिळून रोजची चाळीस मिनिटे; आठवड्याचे पाच दिवस म्हणजे दोनशे मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम वेगाच्या हालचालीचा सल्ला देते. (मुंग्यांची रांग दिसली की नातू बसकण मारतो, तेव्हा सारीच मिनिटे काही मध्यम वेगाची नसतात, हे खरे.) पहिलीत मूल गाडीने जाऊ लागले, की ही दोनशे मिनिटे एका दिवसात शून्यावर येतात. त्याच आठवड्यात लोणावळ्याचा पाऊस सुरू होतो, चढ-उतारांवर शेवाळ धरते आणि “बाहेर पडू नका, पाय घसरेल” असे घरचे सांगू लागतात. दोन्ही गोष्टी एकदम आल्यामुळे गुडघे का धरले, भूक का मंदावली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यासाठी सवय एप्रिल-मेमध्येच बदलून ठेवावी. मूल नसतानाही त्याच वेळी, ऊन चढण्यापूर्वी, त्याच वाटेने चालावे. फाटकापाशी वर्षभर ज्यांच्याशी बोललात, त्यांचे दूरध्वनी क्रमांक शेवटच्या दिवसाआधी लिहून घ्यावेत. बालवाडी बंद झाल्यावर ती माणसे भेटायची म्हणजे योगायोगच. पावसाळ्यासाठी ओसरीवर किंवा घरातल्या घरात फेऱ्या, खुर्चीवरून हाताचा आधार कमीत कमी घेत उठणे-बसणे, भिंतीशी उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे. चक्कर येत असेल किंवा पूर्वी पडला असाल, तर डॉक्टरांना विचारून आणि कोणी जवळ असतानाच.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनाही एक विनंती. नातवंडासाठी गाव सोडून आलेल्या आई-वडिलांना “आता तुम्ही मोकळे” असे सहज म्हटले जाते. त्यांना ते “आता तुमची गरज नाही” असे ऐकू येते. पुढे राहायचे की परतायचे, घरातले कोणते काम त्यांचे असेल, हे जून उजाडण्याआधी त्यांच्यासमोर बसून ठरवावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-जेवण बिघडले, तर ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

राहिला समारंभाचा दिवस. तो संध्याकाळी असला तरी मांडवात उकाडा असतो. पाण्याची बाटली, मधुमेह असल्यास औषधाची वेळ आणि खिशात थोडा खाऊ, पाठ टेकता येईल अशी कडेची खुर्ची, ध्वनिवर्धकापासून दूर. मुलाचे गाणे झाले की तो प्रेक्षकांत आपल्याला शोधतो; रोज फाटकापाशी जिथे दिसत होता, त्या बाजूला बसलात तर चटकन सापडाल.