खिडकी, चौकट आणि हरवलेलं पान

दुपारची भांडी झाली असतील, शेतातल्या बाया बांधावर टेकल्या असतील, तर घटकाभर आमच्याकडे कान द्या. आज जरा वेगळा विषय घेतलाय. कॉम्प्युटरवर अभ्यासाचं पान उघडलं की त्यात हिंडायचं कसं, आणि हिंडताना वाट चुकली तर परत यायचं कसं.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एक वहिनी आहेत. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, दोन मुलं मोठी झाली. यंदा त्यांनी दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला. सगळी पुस्तकं विकत घ्यायची म्हणजे पैसे लागतात. पण बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. म्हणून त्या समाजमंदिरातल्या कॉम्प्युटरवर येऊन विज्ञानाचं पुस्तक वाचायच्या. पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तो निम्मा झाला होता. त्या दिवशी मध्येच एक नको असलेलं पान उघडलं. ते घालवायला त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबली आणि सगळंच गेलं. पुस्तक गेलं, धडा गेला, समोर नुसतं डोंगराचं चित्र. वहिनींना वाटलं, गटाचं मशीन आपल्या हातून बिघडलं. कुणाला न सांगता त्या उठून गेल्या. घरी मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "आई, तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस." पुढे आठ दिवस त्या फिरकल्याच नाहीत. परीक्षा तर कुणासाठी थांबत नाही.

आम्हाला कळलं तेव्हा आम्हीच त्यांच्या घरी गेलो. बिघडलं काहीच नव्हतं. पुस्तक जिथं होतं तिथंच होतं. बंद झाली होती ती खिडकी.

हे आधी नीट समजून घेऊया. आपण जे पान बघतो ते दूर कुठल्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं असतं. आपल्यासमोर असते ती त्याच्याकडे बघायची चौकट. तिला विंडो म्हणतात, म्हणजे खिडकीच. घरातली खिडकी लावून घेतली म्हणून समोरचं शेत कुठं जात नाही. फक्त आपल्याला दिसायचं थांबतं.

या खिडकीच्या वर, उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात. आडवी रेघ दाबली की खिडकी खाली पट्टीवर जाऊन बसते. ती बंद होत नाही, खालच्या चित्रावर क्लिक केलं की पुन्हा वर येते. कुणी आलं, उठावं लागलं, तर हीच खूण वापरा. मधला चौकोन खिडकी लहान-मोठी करतो. तिसरी फुली खिडकी बंद करते. चौकोनाला आपण फारशी किंमत देत नाही, पण त्यानं अनेकदा काम होतं. खिडकी लहान असली की पानही अंग चोरून बसतं. वरची विषयांची यादी दिसेनाशी होते आणि तिच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा येतात. "काल इथं यादी होती, आज नाही," असं वाटलं तर आधी खिडकी मोठी करा. तरी नाहीच दिसली तर त्या तीन रेघांवर क्लिक करा, यादी त्यांच्याच पोटात असते.

आता वहिनींचं नेमकं काय झालं? एकाच खिडकीत आपण पाच-सहा पानं उघडू शकतो. त्या पानांच्या खुणा वर ओळीनं दिसतात, त्यांना टॅब म्हणतात. प्रत्येक टॅबला स्वतःची बारीक फुली असते. वहिनींना एक टॅब घालवायचा होता, पण त्यांनी दाबली कोपऱ्यातली मोठी फुली. एक वही मिटायची होती, अख्खं दप्तरच मिटलं.

यावर उपाय आहे, आणि तो आम्ही पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलाय. कंट्रोल आणि शिफ्ट ही दोन बटणं दाबून धरायची आणि टी दाबायचं. शेवटचा बंद झालेला टॅब परत येतो. पुन्हा दाबलं तर त्याच्या आधीचा. अख्खी खिडकी बंद झाली असेल तर ब्राउझर, म्हणजे इंटरनेट बघायचं जे साधन आपण वापरतो ते, पुन्हा उघडायचं आणि हेच करायचं. बहुतेक वेळा सगळी पानं परत येतात. पण एक सांगून ठेवतो. अर्धवट भरलेला फॉर्म असा परत मिळेल याची खात्री धरू नका. फॉर्म भरताना 'जतन करा' किंवा 'सेव्ह' असं बटण दिसलं की ते दर टप्प्याला दाबत चला.

आता चौकटी. हा भाग जरा किचकट आहे, पण आपल्या प्रत्येकीच्या ओट्यावर मिसळणाचा डबा आहे, त्यामुळे जड जाणार नाही. डबा एक, झाकण एक, आत हळद, मोहरी, जिरं वेगवेगळ्या वाट्यांत. चमचा ज्या वाटीत घालाल तेच हाताला येणार. काही पानं अशीच असतात. डावीकडे धड्यांची यादी, उजवीकडे धडा, वर शाळेचं किंवा संस्थेचं नाव. दिसायला एक पान, पण आतून तीन वाट्या. या वाटीला फ्रेम म्हणतात.

असली पानं १९९६ च्या सुमारास पसरली. तेव्हा नेटस्केप नावाचा ब्राउझर होता, त्यात ही सोय आली. शिकवणाऱ्यांना ती फार आवडली, कारण यादी जागेवर राहायची आणि धडा तेवढा बदलायचा. पुढे २०१४ साली वेब पानांचे नवे नियम पक्के झाले, त्यांत अख्खं पान असं वाट्यांत वाटायची जुनी पद्धत वगळली. तरी जुनी पानं अजून भेटतात, आणि पानाच्या पोटात एखादी चौकट बसवायची रीत तर रोजचीच आहे. धड्यात मध्येच व्हिडिओ असतो किंवा नकाशा असतो, तो बहुतेकदा अशाच चौकटीत बसवलेला असतो.

सगळ्या अडचणी चमचा कुठल्या वाटीत आहे हे न बघितल्यामुळे होतात. माऊसचा बाण म्हणजे आपला चमचा. तुम्ही चाक फिरवताय, धडा काही हलत नाही, डावीकडची यादीच वर-खाली होतेय. कारण बाण यादीवर उभा आहे. बाण धड्यावर न्या, चाक फिरवा, धडा सरकेल. कीबोर्डवरच्या वर-खाली बाणांनी सरकवायचं असेल तर आधी त्या चौकटीत मोकळ्या जागी एक क्लिक करा. धडा अरुंद दिसत असेल तर दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर बाण न्या. तो दुतोंडी झाला तर रेघ दाबून धरून बाजूला ओढता येते. दुतोंडी झाला नाही, तर ती रेघ पक्की बसवलेली आहे असं समजा.

मागे जायचा बाण वर डाव्या कोपऱ्यात असतो. चौकटींच्या पानात तो एका वेळी एकाच चौकटीतलं एक पाऊल मागे घेतो. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून आपण धडाधड चार वेळा दाबतो आणि पार बाहेर पडतो. एकदा दाबा, बघा, मग दुसऱ्यांदा दाबा. तोच बाण जरा दाबून धरला तर कुठून कुठं आलो त्या पानांची यादी उघडते. तिच्यातून हवं ते नेमकं निवडता येतं. हे आम्हालाही दोन वर्षं माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. "मी तिला पाचव्या धड्याची लिंक पाठवली, तिच्याकडे पहिलंच पान उघडलं," अशी तक्रार गटात नेहमी येते. खोटं कुणीच बोलत नसतं. चौकटीच्या आत धडा बदलला तरी वरच्या पट्टीतला पत्ता बाहेरच्या पानाचाच राहतो. म्हणून पाठवताना यादीतल्या त्या धड्याच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'नवीन टॅबमध्ये उघडा' निवडा. धडा एकटा उघडतो, त्याचा खरा पत्ता वर दिसतो, तो पाठवा. मात्र मग डावीकडची यादी त्याच्यासोबत येत नाही.

आता वहिनींच्या पुस्तकाकडे येऊ. बालभारतीचं पुस्तक पीडीएफ स्वरूपात असतं. कॉम्प्युटरवर ते उघडलं की बहुधा डावीकडे पानांची लहान-लहान चित्रं आणि उजवीकडे मोठं पान दिसतं. इथंही वाटी-चमच्याचाच नियम. वर एका लहान चौकोनात पानाचा आकडा असतो. तो पुसून हवा तो आकडा घालायचा आणि एंटर दाबायचं, की थेट त्या पानावर. पण इथं एक गंमत होते. पानावर छापलेला आकडा आणि चौकोनातला आकडा जुळत नाहीत. कॉम्प्युटर मुखपृष्ठापासून मोजतो. संविधानाची उद्देशिका, प्रतिज्ञा, प्रस्तावना, अनुक्रमणिका, सगळी पानं त्यात धरतो. छापील आकडे धड्यापासून सुरू होतात. समजा छापील पान १ चौकोनात ११ दाखवतं, तर फरक दहाचा. मग छापील पान २५ हवं असेल तर ३५ घालायचं. प्रत्येक पुस्तकाचा फरक वेगळा असतो, तो एकदाच काढायचा आणि वहीच्या मागे लिहून ठेवायचा. वहिनींनी तेच केलंय. त्यामुळे वाचता वाचता खिडकी बंद झाली तरी कितव्या पानावर होतो ते वहीत असतं.

अक्षर बारीक वाटतं? कंट्रोल दाबून अधिकची खूण दाबा, मोठं होतं. वजाची खूण दाबली की लहान. फार मोठं केलं की ओळींची टोकं खिडकीबाहेर जातात, मग खालची आडवी पट्टी सरकवत बसावं लागतं. त्यापेक्षा ओळ पुरती दिसेल इतकंच मोठं करा. चाळिशीचा चष्मा घरी विसरून येणाऱ्यांसाठी हे खास सांगतोय, आणि त्यात आम्हीही आलो.

स्वाध्याय सोडवताना प्रश्न एकीकडे आणि धडा दुसरीकडे असं होतं. सारखं वर-खाली करून डोकं दुखतं. तेव्हा तेच पुस्तक दोन खिडक्यांत उघडा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डच्या खालच्या ओळीत चार चौकोनांचं बटण असतं. ते दाबून धरून डावा बाण दाबला की खिडकी डाव्या अर्ध्यात बसते. दुसरी खिडकी घेऊन उजवा बाण दाबला की ती उजव्या अर्ध्यात. एकीत प्रश्न, एकीत धडा.

फोनवाल्या मैत्रिणींनो, तुम्हाला कोपऱ्यातल्या खुणा मिळणार नाहीत. तिथं बोटच माऊस. धडा खाली सरकवताना बोट मध्येच नकाशावर पडतं आणि पान अडकून बसतं. बोट उचला, कडेच्या मोकळ्या जागेवर ठेवा, मग सरकवा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवरून स्कॅन केला तर त्या धड्याचे व्हिडिओ थेट मिळतात. व्हिडिओनं सगळा पडदा व्यापला तर फोनवर मागे जायचं, कॉम्प्युटरवर एस्केप दाबायचं.

एका चौकटीपासून मात्र सांभाळून राहा. अभ्यास शोधताना भलत्याच पानावर गेलो की मध्येच एक पाटी उसळते. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे', 'तुम्हाला बक्षीस लागलं आहे'. तिच्या कोपऱ्यात फुलीही काढलेली असते. ती फुली खरी असेलच असं नाही. कधी ती नुसती रंगवलेली असते आणि तिच्यावर क्लिक केलं की आणखी काही उघडतं. ब्राउझरची फुली पानाच्या बाहेर, वरच्या टॅबवर असते. अशा पाटीवर कुठंच हात न लावता तो टॅबच बंद करा. फोनवर उघडलेल्या पानांची यादी काढून तिथून ते पान काढून टाका. पाटीवर दिलेल्या नंबरला फोन करू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. चुकून पैसे गेलेच, तर लाज धरून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

वहिनी नवव्या दिवशी आल्या. आम्ही काही न बोलता त्यांच्यासमोर मोठी फुली दाबली. त्या ओरडल्याच. मग ब्राउझर पुन्हा उघडून त्यांच्याच हातानं कंट्रोल, शिफ्ट, टी दाबायला लावलं. गुरुत्वाकर्षण परत आलं. त्यांनी आणखी तीन वेळा मुद्दाम बंद केलं आणि परत आणलं. आता त्या भिंगांच्या धड्यावर आहेत, तो सातवा. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही म्हणतात.

समाजमंदिरातला कॉम्प्युटर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार मोकळा असतो. लाईट गेली तर पाचपर्यंत थांबतो. येताना वही आणा, आणि चष्मा.